बरणीत न ओतलेला मध

कापडाची चारही टोकं मी धरली होती आणि माझी बायको वच्छला पोळ्याचे तुकडे त्यात टाकून मुठीनं दाबत होती. खाली स्टीलचा डबा. मधाला खाली उतरायची घाई नसते, आणि माझ्या नाकाला नेमकी तेव्हाच खाज सुटते.

"काहून हलून राहिले जी?" ती ओरडली.

"नाकावर माशी बसली."

"बसू द्या. तिचाच माल आहे, पाहून राहिली असन किती चोरला ते."

मग तिनं डब्याचं झाकण तळहातानं ठोकून बसवलं. पिळून उरलेलं मेण माश्यांना चाटायला भिंतीजवळ ठेवलं, हात धुतले आणि कूलरसमोर जाऊन बसली. आज थकल्यावाणी वाटते म्हणाली. संध्याकाळी तिला दवाखान्यात नेलं. तिथून परत आणली ती झाकूनच.

तो चैत्र होता. आता परत चैत्र आला आहे.

आमच्या कामठीचा चैत्र म्हणजे कडुनिंब. सकाळी अंगणातली बाज झटकावी तर पांढरी फुलं भुर्रकन उडतात, तांदळाच्या कण्या सांडल्यासारखी. वास गोड नाही आणि कडूही नाही. नाकात बसला की दिवसभर जात नाही. दुपारी ऊन पत्र्यावर वाजतं. लोक माळ्यावरून कूलर काढतात, जुनं गवत उपटून फेकतात, नवं भरतात, आणि पहिल्यांदा पाणी सोडलं की घराघरांतून ओल्या गवताचा वास येतो. हे सगळं गेल्या वर्षीही असंच होतं. झाडाला काही झालंच नाही. त्याची पानं गळली, परत आली, फुलंही आली. मी बाजेवर पडून त्याच्याकडे पाहतो आणि मला त्याचा हेवा वाटतो. झाडाचा हेवा करणारा माणूस वेडा म्हणा, पण वाटतो ते वाटतो.

घराच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्याला लाकडी फळी लावून, कडेनं शेणमाती लिंपून वच्छलानं तो मधमाश्यांना देऊन टाकला होता. फळीला बोट जाईल एवढं भोक. या सातेरी माश्या, लहान, काळसर, अंधारात घर करणाऱ्या. वर्षातून एकदा ती गोवरीचा धूर देऊन फळी काढायची, मधाचा भाग तेवढा कापायची, पिल्लांचा भाग तसाच ठेवायची. बाकी वर्षभर त्या त्यांच्या आणि ती तिची. म्हणजे मला तसं वाटायचं. खरं पाहता वर्षभर ती त्यांचीच होती. सकाळचा पहिला चहा ती माझ्यासोबत नाही, भिंतीसोबत प्यायची. पाटावर बसून, फळीला कान लावून.

मी जन्मभर पावरलूम चालवली. ज्यानं लूमच्या कारखान्यात दिवस काढला नाही त्याला तो आवाज सांगून समजत नाही. तो कानात येत नाही, छातीत येतो. जवानीतच माझे कान गेले. पूर्ण नाही गेले. ओरडून बोललेलं ऐकू येतं, हळू बोललेलं येत नाही. मागावर आम्ही एकमेकांचे ओठ पाहून बोलायचो, तेवढं अजून जमतं. घरी बायको ओरडून बोलायची. भाजीत मीठ कमी झालं का, हेही ओरडून. आमचं भांडण गल्लीला ऐकू जायचं, ठीक आहे, सगळ्यांचंच जातं. आमचं गोड बोलणंही गल्लीला ऐकू जायचं. दुसऱ्या दिवशी नळावर बायका तिच्याकडे पाहून पदर तोंडाला लावायच्या.

पण भिंतीशी ती हळू बोलायची. तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. ओठ दिसायचे नाहीत. नुसती मान हलताना दिसायची. काही सांगायची, मग कान लावायची, मग हसायची.

"काय म्हणून राहिल्या वं?" मी दारातून विचारायचो.

"तुमाले काय करायचं? आमच्या घरच्या गोष्टी आहेत."

हे मात्र ओरडून.

रहीमभाई माझा कारखान्यातला जोडीदार. आमचे माग शेजारी होते. त्याच्याजवळ मी एकदा हे बोललो, तर तो चहाच्या टपरीवर मांडी थोपटून हसला. "अबे बुढ्ढे, लोग पडोसी से जलते हैं. तू मक्खी से जलता है?"

"माझा पडोसी माझ्या बायकोसंग गोष्टी नाही करत," मी म्हटलं. "माशी करते."

रहीमभाईची बायको अजून आहे. ती त्याला रोज शिव्या घालते. तो रोज येऊन मला त्या शिव्या मोजून दाखवतो, अन् म्हणतो, तू सुखी आहेस बाबा. अशा वेळी त्याच्या तोंडावर चहा फेकावा असं वाटतं. फेकत नाही. चहा चांगला असतो.

तन्वी मॅडम आमच्या घरी पहिल्यांदा आली ती थंडीत, वच्छलाच्या शेवटच्या थंडीत. नागपूरच्या एका कॉलेजात ती माश्यांचा अभ्यास करते. गाडी लावली, हेल्मेट काढलं, स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि वच्छलाला म्हणाली, "आजी, तुमच्या मधाचा एक चमचा द्याल का?"

"चमचाच काहून? पोळी देतो, खा पोटभर."

"खायला नाही आजी. तपासायला."

तिनं मग समजावून सांगितलं. मलाही समजावं म्हणून जरा मोठ्यानं सांगितलं, एवढं मी कबूल करतो. मध म्हणजे फुलातला रस, एवढंच आम्हाला माहीत. ती म्हणाली, त्यात माशीही असते. माशी रस पोटातून आणते, एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात देते, त्यावरून चालते. तिच्या अंगाचं काहीतरी मधात राहून जातं, डोळ्याला न दिसणारं. त्याला डीएनए म्हणतात. ते मधातून काढून वाचता येतं. माशी कोणत्या जातीची, तिचं आईकडचं घराणं कोणतं, ते कळतं. पोळं मोडायला नको, माशी मारायला नको. मध जुना असला, माश्या कधीच्या मरून गेलेल्या असल्या, तरी पुष्कळदा कळतं.

"मरून गेलेल्या असल्या तरी?" वच्छलानं विचारलं.

"हो आजी."

"मंग माह्या बरणीत तर सगळ्याच असतील न वं माय."

पहिल्याच दिवशी तिनं त्या पोरीला माय म्हटलं. मला सगळ्या संसारात 'जी'च्या पुढे काही मिळालं नाही.

बरणीचं सांगायला पाहिजे. चिनी मातीची, गळ्याशी टवका उडालेली, वच्छलाच्या माहेरची. ती बरणी कधी रिकामी करायची नाही, अशी तिच्या आईची पद्धत. तळाशी चार बोटं जुना मध ठेवायचा आणि नव्या सालचा त्याच्यावर ओतायचा. मागच्याची पुढच्यासंग भेट झाली पाहिजे, असं ती म्हणायची. घरात साखर संपलेली असो, पाहुणे आलेले असोत, ती चार बोटं कोणाला मिळाली नाहीत. एकदा मला खोकला झाला होता तेव्हाही नाही. शेजारून मागून आणला, पण तळाचा दिला नाही.

मॅडमनं बरणीतला चमचाभर नेला. काही दिवसांनी परत आली ती कपाळाला आठ्या घालून.

"आजी, यात गर्दी आहे. सातेरीचीच दोन वेगळी घराणी दिसतात. ते असू शकते. पण यात पेटीतली विलायती माशीही आहे. ती अशा भिंतीत राहत नाही. ही कुठून आली?"

वच्छला एवढी हसली की तिला ठसका लागला. "अवं माय, एका साली भिंत रिकामीच राह्यली. माश्या आल्याच नाहीत. नवा मध नाही, तर बरणीत ओतायचं काय? म्हणून संत्र्याच्या बागेतल्या पेटीवाल्याचा वाटीभर आणला न टाकला. मीच आणला."

आणला मी. सायकलवर, भर उन्हात, खापरखेड्याच्या पुढच्या बागेतून, वाटी सांडू नये म्हणून एका हातानं हँडल धरून. हे मी तेव्हा ओरडून सांगितलंही. पण त्या दोघी हसण्यात होत्या, कोणाच्या कानावर गेलं नाही. बहिरा काय मी एकटाच आहे?

मॅडमची मात्र पंचाईत झाली. कोणती माशी कोणत्या सालची, हे त्या बरणीतून निघणं शक्य नव्हतं. तिला पाहिजे होता एका हंगामाचा, एका भिंतीचा, निव्वळ मध. तिनं वच्छलाला गळ घातली, "आजी, यंदाचा काढला की बरणीत ओतायच्या आधी माझ्यासाठी चमचाभर बाजूला ठेवा." वच्छला म्हणाली, "तू येईपर्यंत ओततच नाही, जाय." म्हणून त्या शेवटच्या दिवशी आम्ही बरणीवर कापड न धरता वेगळ्या डब्यावर धरलं.

त्या थंडीत पोरगी वारंवार यायची. भोकापाशी मोबाईल धरायची, माश्या जाता-येताना पाहायची, आणि दोघी भिंतीकडे तोंड करून बसायच्या. पाठी दिसायच्या. एक पाठ म्हातारी, एक जवान, मधे वाफाळलेला चहा. चहा मी करायचो. नेऊन द्यायला गेलो की बोलणं थांबायचं, वच्छला ओरडून म्हणायची, "ठेवा जी तिथं," आणि मी परत दारात येऊन बसलो की माना परत हलायला लागायच्या. माझ्या घरात, माझ्या भिंतीपाशी, माझी बायको, आणि मला त्यातला एक शब्द मिळत नव्हता. तुरीच्या शेंगा सोलत बसायचो मी. दाणे भांड्यात आणि जीव तिकडे.

वच्छला गेली तेव्हा मॅडम धावत आली. बुद्धवंदना चालू होती, लोक पांढऱ्या कपड्यांत बसले होते, आणि ही पोरगी दारातच खाली बसून हमसून रडली. माझ्यापेक्षा जास्त रडली. लोकांनी तिला पाणी दिलं. मला त्याचाही राग आला.

पावसाच्या आधी भिंतीतल्या माश्याही निघून गेल्या. एक दिवस फळीचं भोक नुसतं भोक होतं. मी म्हटलं, जा. ज्यांना पंख आहेत त्यांनी जावं. मला कुठं जायचं होतं ते मला माहीत नाही, पण त्या गेल्या आणि मी मागे राहिलो, हे मला फार लागलं. डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर बरणीच्या बाजूला तसाच राहिला, तिनं ठोकलेल्या झाकणासकट. मध ओतणं हे कधी माझं काम नव्हतं.

आता या चैत्रात कोनाड्यात माश्या परत आल्या आहेत. मला कोणी सांगितलं नाही. अंघोळीचं पाणी टाकायला मागे गेलो तर भोकापाशी ये-जा चालू. मी कान लावून पाहिला. काहीच नाही. तळहात लावला तर फळी थरथरत होती, चालू मागाच्या लाकडासारखी. हात झटकून मागे झालो. कोण आहेत या? तिच्याच लेकी-नाती परतल्या, की रिकामं घर पाहून कोणी घुसलं?

काल मॅडम आली. कडुनिंब फुलला की नवं पोळं शोधत फिरते म्हणे. मागे जाऊन तिनं माश्या पाहिल्या आणि पोरीच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहून मला वाटलं हिला आत येऊच द्यायला नको होतं.

"बाबा! आजीच्या माश्या!"

"आजीच्याच कशावरून?"

"तेच तर तपासता येईल. यांचं घराणं अन् गेल्या सालच्या मधातलं घराणं एकच निघालं, तर त्याच निघण्याची आशा आहे. आजीनं ठेवलेला तो डबा आहे अजून?"

"आहे."

"उघडला?"

"नाही."

"एक चमचा फक्त, बाबा."

"नाही देत."

ती वच्छलाच्या पाटावर बसली, भिंतीकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून, म्हणजे मला ओठ दिसावेत. तिला एवढी समज आहे, आणि तिच्या या समजेचीच मला चीड येते.

"ते झाकण तिनं लावलं," मी म्हटलं. "तुमाले माशीचं घराणं पाहिजे. माझ्या घरातून बाई गेली, अन् शोधायचं काय तर माश्या?"

"बाबा, तसं नाही."

"मग एक सांग. तुमी दोघी येथं बसून काय गोष्टी करत होत्या?"

"साध्याच. भाजी काय केली. तिचं माहेर. गुडघे दुखतात. तुमचं."

"माझं काय?"

"तुम्ही चहात साखर लई टाकता म्हणून."

"हे तर मले रोज ओरडून सांगे. मग मी आलो का चूप काहून होत होत्या?"

मॅडमनं नखानं पाटाची कड खरवडली. मग म्हणाली, "आजी म्हणायची, ओरडू ओरडू माझा गळा थकला माय. तुझ्यासंग अन् या माश्यांसंग हळू बोलता येते. तुम्ही आले की परत ओरडावं लागेल, म्हणून थांबायची. बाकी विषय काहीच नव्हता बाबा, खरंच."

काही गुपित निघालं असतं तर बरं झालं असतं. माझ्या तक्रारी केल्या असत्या, कोणाची चुगली केली असती, तरी मी भांडलो असतो, मेलेल्या बायकोशीही भांडलो असतो. पण तिला काही लपवायचंच नव्हतं. तिला हळू बोलायचं होतं. हळू बोलणाऱ्या वच्छलाला मी ओळखतच नाही. लग्न झालं तेव्हा माझे कान चांगले होते, म्हणजे कधीतरी ऐकली असेन. आठवायला गेलो तर गळ्याच्या शिरा ताणलेली वच्छलाच समोर येते. त्या पोरीनं ती दुसरी वच्छला ऐकली. भिंतीतल्या माश्यांनी रोज सकाळी ऐकली.

मॅडमनं मोबाईल काढला. माश्यांची गुणगुण तिनं भरून घेतली होती, त्यात मागे आजी बोलते म्हणाली. मी कानाला लावला. काही नाही. तिनं आवाज वाढवला. आणखी वाढवला. एकदम खरखर सुरू झाली, कारखान्याचं दार उघडल्यासारखी, आणि त्यात कुठंतरी एक बाई. वच्छलाच असेल. पण आवाज मोठा केला की तो हळू कसा राहणार? मोठ्या आवाजाची वच्छला तर माझ्याजवळ होतीच.

"ठेव तुझ्याजवळच," म्हणून मोबाईल परत दिला.

जाताना तिनं ओट्यावर झाकणाची एक लहान बाटली ठेवली. "तुमची मर्जी बाबा. उद्या सकाळी मी येते. नाही म्हटलं तरी चहा पिऊन जाईन, माश्यांजवळ बसेन थोडी."

ती गेल्यावर मी डब्यासमोर बसलो. विचार करायला मला वेळ लागतो. तो डबा मी वर्षभर माझा समजून जपला. पण तो मध माझ्यासाठी असता तर त्याच दिवशी बरणीत गेला असता. तो वेगळा राहिला तो त्या पोरीसाठी. वच्छलानं तिला शब्द दिला होता, आणि मी मधे झाकणावर हात ठेवून बसलो होतो. हे पटायला जड गेलं. त्याहून दुसरी गोष्ट सोपी होती. भिंतीत कोण येऊन बसलं आहे ते मला कळायला पाहिजे होतं. वच्छलाच्या घरात कोणीही उपटसुंभ येऊन राहावं, हे मला चालत नाही. आणि ते सांगू शकणारी ती एकच पोरगी.

आज सकाळी झाकण हातानं निघेना. उलथण्याच्या टोकानं कडेकडेनं उचकटलं तेव्हा निघालं. वर थोडा फेस, वास जरा आंबूस, पण कडुनिंबाचा. मॅडमची बाटली गळ्यापर्यंत भरली, झाकण घट्ट लावलं, धुतली, पुसली. मग उरलेला मध बरणीत ओतला. तळाचा जुना मध काळपट होता, हा पिवळा. पिवळा वर तरंगल्यासारखा राहिला आणि हळूहळू कडेनं खाली जायला लागला. डबा पालथा धरून शेवटचा थेंब सुटेपर्यंत थांबलो. चहा केला नाही; पोरगी येऊन भिंतीपाशी बसायच्या आत निघायचं होतं. सदऱ्याच्या खिशात बाटली उभी ठेवली, वरून हात धरला, आणि नागपूरच्या शेअर ऑटोत पुढच्या सीटवर बसलो. नागपुरात शिरताना जरीपटक्याच्या वळणाला दुकानांची शटरं अजून खालीच होती.

मॅडम कॉलेजच्या होस्टेलात राहते; गेटवर ती गाडी काढतच होती. मला पाहून तिनं हेल्मेट परत काढलं.

"बाबा! तुम्ही काहून आले एवढ्या दूर? मी निघालीच होती ना तुमच्याकडे."

"म्हणून तर मी आलो," म्हटलं, आणि बाटली तिच्या हातात दिली.